आधी कोणाचं फेडायचं?

मानेवाडा, नागपूर इथून एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून थोडक्यात देतो.

"माझे यजमान बुटीबोरीच्या एका कारखान्यात ११ वर्षं मशीन ऑपरेटर होते. हातात ३८,००० यायचे. चार महिन्यांपूर्वी लाइन बंद झाली आणि सगळ्यांकडून राजीनामा लिहून घेतला. हिशोब अजून दिला नाही. आता ते भाड्याच्या गाडीवर जातात, महिन्याला १४,००० पडतात. मी ब्लाउज शिवते, त्याचे ६,०००. घरखर्च कितीही आवळला तरी साडेपंधरा हजारांच्या खाली जात नाही. फ्लॅटचं कर्ज १६ लाख ४० हजार बाकी, हप्ता १७,२००, दोन हप्ते थकले. फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन २ लाख ६० हजार, हप्ता ९,१००. क्रेडिट कार्डाचे ९२,०००, दर महिन्याला कमीत कमी रक्कम म्हणून ४,६०० भरते. पतसंस्थेचे १ लाख २० हजार, हप्ता ४,१००, जामीनदार माझे दीर. मधल्या काळात हप्ते भरायला एकाकडून ६०,००० शेकडा पाचनं घेतले, त्याला कोरा चेक आणि स्टॅम्प पेपरवर सही दिली आहे. एका ॲपचे १५,००० आहेत, ते नातेवाइकांना फोन करतात. पोरांची २२,००० फी बाकी. माझ्या दोन पाटल्या आहेत, अडीच तोळ्यांच्या, आणि मंगळसूत्र. पीएफमध्ये २ लाख ९० हजार आहेत. सगळं मोडून थोडं थोडं सगळ्यांना देऊ का? यांनी फोन घेणं बंद केलं आहे, रात्र रात्र जागेच असतात, 'माझ्यामुळं झालं' एवढंच म्हणतात."

ताई, पत्राच्या शेवटच्या ओळीला आधी उत्तर देतो. जो माणूस झोपत नाही, बोलत नाही आणि सगळा दोष स्वतःवर घेतो, त्याला एकटं ठेवू नका. आजच त्यांना सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार ओपीडीत दाखवता येईल. वसुलीचे फोन काही दिवस तुम्ही घ्या किंवा दिरांना घ्यायला सांगा. त्यांच्याकडे एकच काम द्या, कंपनीकडून येणं असलेले पैसे मिळवण्याचं. ते काम त्यांच्याशिवाय कुणाला जमणार नाही, आणि त्यात पैसे खरोखर आहेत. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आता तुमचा प्रश्न. सगळं मोडून सगळ्यांना थोडं थोडं देऊ नका. तसं केलंत तर सोनं जाईल, पीएफ जाईल, एकही कर्ज मिटणार नाही, आणि सहा महिन्यांनी फ्लॅट वाचवायला हातात काही नसेल. महिन्याला ३८,००० द्यायचे आहेत आणि खर्च भागवून तुमच्याकडे ४,५०० उरतात. काटकसरीनं ही दरी बुजत नाही. कोणाला द्यायचं आणि कोणाला थांबवायचं हे ठरवावंच लागेल, आणि ते कोण किती ओरडतं त्यावरून ठरवायचं नाही. न दिल्यास कोण काय नेऊ शकतं, त्यावरून ठरवायचं. तुमच्याकडे सगळ्यात जास्त फोन ॲपवाल्याचे आणि कार्डवाल्याचे येत असतील. त्यांच्याकडे तुमची एकही वस्तू तारण नाही. गृहकर्जाची बँक दोन महिने एखाद-दुसरा मेसेज पाठवून गप्प बसली असेल, आणि घर फक्त तिच्याकडेच तारण आहे. घाबरलेलं घर ओरडणाऱ्याचे पैसे आधी भरतं आणि गप्प बसलेल्याचे राहून जातात. घरं जातात ती बहुतेक अशीच.

म्हणून पहिली फ्लॅटची बँक. सगळ्यात जुना थकलेला हप्ता ज्या तारखेला भरायचा होता, त्या तारखेपासून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडण्याच्या वाटेवरचं कर्ज, होतं. तुमचे दोन हप्ते थकले आहेत, म्हणजे हाताशी साधारण एक ते दोन महिनेच असतील. बँकेकडून खात्याचा उतारा घेऊन नेमकी तारीख काढा. ९० दिवसांच्या आत एक जुना हप्ता भरला तरी मोजणी पुढच्या हप्त्यापासून सुरू होते आणि महिनाभराची सवड मिळते. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून भागत नाही, सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (तारण घर कोर्टात दावा न लावता ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. त्या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही आणि बँकेनं ताब्याची कारवाई केली, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. ते नागपुरातच आहे. पण तिथपर्यंत जाण्याची वेळ येऊ देऊ नये. पीएफमधून ३४,४०० काढून दोन्ही हप्ते भरायचे, हे या सगळ्यातलं पहिलं काम.

थकबाकी भरायच्या आधीच बँकेत पत्र द्या. मुदत वाढवून मागा असं सगळेच सांगतात, म्हणून त्याचा हिशोब करून पाहू. तुमच्या आकड्यांवरून व्याज ९ टक्क्यांच्या आसपास आणि मुदत १४ वर्षं उरलेली दिसते. ती २० वर्षं केली तर हप्ता १७,२०० वरून १४,७५० होतो. म्हणजे महिन्याला अडीच हजारांसारखी सूट, आणि त्यासाठी एकूण साडेसहा लाख जास्त भरायचे. आजच्या अडचणीला ते पुरत नाही. त्यापेक्षा सहा महिने फक्त व्याज भरण्याची सवलत मागा. १६ लाख ४० हजारांचं महिन्याचं व्याज १२,३०० होतं. मुद्दल तेवढंच राहतं, खातं चालू राहतं आणि सहा महिन्यांनी पुन्हा मूळ हप्ता. बँक देईलच असं नाही, तिच्या धोरणावर आहे. अशा सवलतीची नोंद सिबिलमध्ये 'रिस्ट्रक्चर्ड' अशी होऊ शकते, तेही विचारून घ्या. तरी मागायलाच हवी, आणि लेखी मागायला हवी. तोंडी बोलणं शाखेतला साहेब बदलला की संपतं. पत्र एका पानाचं, असं काहीसं:

"गृहकर्ज खाते क्रमांक अमुक. अमुक तारखेला माझी नोकरी गेली, सोबत कंपनीचे पत्र व शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या जोडल्या आहेत. तोपर्यंत सर्व हप्ते वेळेवर भरले आहेत. सध्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न २०,००० रुपये आहे. थकीत दोन हप्ते अमुक तारखेपर्यंत भरतो. पुढील सहा महिने फक्त व्याज आकारून, त्यानंतर नियमित हप्ता सुरू करावा, ही विनंती. या काळात लागलेले दंडात्मक शुल्क माफ करावे. उत्तर लेखी द्यावे."

दोन प्रती न्या. एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या, म्हणजे पोच झाली. तेच पत्र बँकेच्या तक्रार-निवारणाच्या ईमेलवर पाठवा. झेपेल तेवढ्याच रकमेचं वचन द्या. बँकेत लाजेपोटी "पुढच्या महिन्यात सगळं भरतो" असं म्हणून येणारे पुष्कळ असतात, आणि तो महिना उलटला की दुसऱ्या वेळी कुणी ऐकत नाही. २०२४ पासून बँकांना दंडाचं व्याज लावता येत नाही, दंडाचं शुल्क लावता येतं, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर त्याच पत्रात लिहा. कर्ज घेताना सोबत विमा गळ्यात घातला असेल, तर त्याची पॉलिसी शोधून पाहा. काही पॉलिसींत नोकरी गेल्यावर दोन-तीन हप्ते भरण्याची सोय असते आणि घरात कुणाला माहीत नसतं. मात्र राजीनामा दिला असेल तर विमा कंपनी अडून बसते, म्हणून आधी कंपनीचा मुद्दा सोडवावा लागेल.

बँकेत कुणी "बाकीची कर्जं टॉप-अप करून यातच घालू" असं सुचवेल. हप्ता कमी दिसतो, मोह होतो. पण त्यानं कार्डाचं आणि पर्सनल लोनचं कर्जही घराच्या गळ्यात पडतं. आज ज्याला तुमच्या घराला हात लावता येत नाही, त्याला तुम्हीच दार उघडून देता. पगार पुन्हा सुरू होईपर्यंत हे करू नका.

दुसरी पतसंस्था. इथं तुमच्या दिरांची सही आहे, आणि जामीनदार कर्जदाराएवढाच बांधलेला असतो. पतसंस्थेला दिवाणी दावा लावायची गरज नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली उपनिबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि वसुली अधिकारी थेट जप्तीला येऊ शकतो, तुमच्याकडे किंवा दिरांच्या घरी. दाखल्यापूर्वी सुनावणीची नोटीस येते. लोक ती टाळतात आणि तिथंच चुकतात. दाखला निघाल्यावर त्याला आव्हान द्यायचं तर साधारण निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तेव्हा महिन्याला उरणाऱ्या ४,५०० मधून ४,१०० इथं भरा. आणि दिरांना आजच सगळं सांगा. त्यांना पहिली बातमी नोटिशीतून कळली, तर पैशापेक्षा जास्त नुकसान होईल.

तिसरा तो शेकडा पाचवाला. महिन्याला ३,०००, म्हणजे वर्षाला ६० टक्के. तुमच्या यादीतलं सगळ्यात महाग कर्ज हेच आहे, आणि कागद सगळे त्याच्या हातात आहेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त आणि तारणावर १५ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. चक्रवाढ चालत नाही. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, म्हणजे दामदुप्पट ही शेवटची हद्द. कायदेशीर दरानं ६०,००० चं महिन्याचं व्याज ९०० होतं. तुम्ही चार महिने ३,००० प्रमाणे १२,००० दिले असतील, तर व्याजाचे ३,६०० वजा जाऊन ८,४०० मुद्दलात जमा व्हायला हवेत. म्हणजे देणं ५१,६०० उरतं. बोलणी याच आकड्यापासून सुरू करा.

यासाठी दोनपैकी एक पाटली मोडा. आजच्या भावात एका पाटलीत हा सावकार आणि ॲपचे १५,००० मिटून शाळेच्या फीपुरतं उरावं. गहाण ठेवली तर मोडावी लागणार नाही असं वाटेल. पण सोनेतारण पगार चालू असणाऱ्याला सोयीचं. बहुतेक वेळा वर्षानं मुद्दल आणि व्याज एकदम भरावं लागतं, नाही जमलं तर लिलाव होतो आणि मधलं व्याजही जातं. इतवारीत दोन-तीन दुकानांत वजन आणि घट लेखी विचारा, हॉलमार्क असेल तर तो दाखवा, पैसे खात्यात घ्या, पावती ठेवा. दुसरी पाटली आणि मंगळसूत्र राहू द्या.

सावकाराला पैसे रोख देऊ नका. दिरांना आणि आणखी एकाला सोबत न्या, समोर चेक आणि स्टॅम्प पेपर टेबलावर ठेवायला लावा, मग बँकेतून रक्कम पाठवा, आणि त्याच्या सहीनं "पूर्ण रक्कम मिळाली, बाकी काही नाही" असं लिहून घ्या. पैसे आधी दिले आणि "चेक नंतर नेऊन देतो" ऐकून परत आलात, तर तोच चेक दीड लाख भरून बँकेत लागू शकतो. बँकेला फक्त 'पेमेंट थांबवा' सांगून त्यातून सुटका होत नाही, तशा चेकवरही कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या खटल्याची, नोटीस येऊ शकते. नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या. त्यानं कागद द्यायला नकार दिला किंवा धमकी दिली, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करा. सावकारीच्या तक्रारी तिथंच जातात. धमकीची तक्रार पोलीस ठाण्यात वेगळी द्या. आतापर्यंत दिलेल्या पैशांचे जे काही पुरावे असतील, यूपीआय, व्हॉट्सॲप, ते आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता ज्यांना थांबवायचं त्यांच्याविषयी. कार्डाच्या ९२,००० वर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ३,२२० होतात, त्यावर १८ टक्के जीएसटी ५८०. तुम्ही भरता त्या ४,६०० पैकी ३,८०० व्याजातच जातात आणि ८०० मुद्दलात. हे पैसे भरणं थांबवा, कार्ड वापरणं आजपासून बंद करा, आणि कंपनीला लिहा की ही रक्कम हप्त्यांत बदलून द्या. वर्षाला १८ टक्क्यांनी २४ हप्ते केले तर महिन्याला जवळपास तेवढेच ४,६०० आणि वर थोडा जीएसटी पडतो, पण दोन वर्षांत कर्ज संपतं. आज तेवढेही तुमच्याकडे नाहीत, म्हणून पहिला हप्ता तीन महिन्यांनी सुरू करायला सांगा. पर्सनल लोनवाल्यांना पाच वर्षांची मुदत मागा. १६ टक्के व्याज धरलं तर हप्ता ६,३०० च्या आसपास येतो. तोही आत्ता जमणारा नाही, पण मागणी लेखी नोंदलेली असणं महत्त्वाचं.

ही दोन कर्जं काही महिने थकतील. तुमचा सिबिल स्कोअर पडेल. नोटिसा येतील, लवादाच्याही येतील. लवादाची नोटीस साधी धमकी समजून फेकू नका, तिथं हजर झालं नाही तर एकतर्फी निवाडा होतो आणि त्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी होते. हप्त्याचा ऑटो-डेबिट परत गेला तरी चेक परत गेल्यासारखाच खटला होऊ शकतो, म्हणून हप्त्याच्या तारखेआधी लेखी कळवत जा. प्रत्येक परत गेलेल्या डेबिटवर तुमची बँकही शुल्क कापते. गाडीचे आणि शिलाईचे पैसे ज्या बँकेत एकही कर्ज नाही अशा बँकेच्या खात्यात घ्या. कर्ज असलेल्या बँकेला तुमच्या बचत खात्यातून वळती करून घेण्याचा हक्क असतो, आणि महिन्याचा किराणा त्यात जायला नको.

नुसतं कर्ज फेडता आलं नाही म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. हा दिवाणी मामला आहे. न्यायालयाची जप्ती आली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धार्मिक रिवाजानं स्त्रीला उतरवता न येणारे दागिने जप्तीतून वगळले आहेत. मंगळसूत्राची भीती मनातून काढा. तुमच्या पोटापाण्याचं शिलाई मशीनही त्या हत्यारांतच मोडतं, असं ठामपणे मांडता येतं.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना सांगून बदनामी करता येत नाही, शिवीगाळ करता येत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. दारात आलेल्याला ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा, त्याचा फोटो काढा. त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही देऊ नका, तो कर्जखात्यात पोचेल याची खात्री नसते. तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, त्याला फी नाही.

ॲपच्या बाबतीत आधी ते कोणत्या नोंदणीकृत बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं आहे ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहा. यादीतलं असलं तरी तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायचा त्याला अधिकार नाही. सगळ्या धमक्यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग फोनच्या सेटिंगमधून परवानग्या काढा, मग ॲप उडवा. क्रम उलटला तर पुरावा जातो. फोटो बदलून पाठवण्याची धमकी असेल तर १९३० वर सायबर तक्रार लगेच. नातेवाइकांना तुम्हीच एक मेसेज टाका, "माझ्या नावानं काही फोन येतील, उत्तर देऊ नका". धमकीतला जोर तिथंच निम्मा होतो. यादीतलं असेल तर पाटलीच्या पैशातून १५,००० वित्तसंस्थेच्या कर्जखात्यातच भरा आणि कर्ज बंद झाल्याचं पत्र घ्या. यादीत नसेल तर एक पैसाही देण्याआधी पोलिसांत तक्रार नोंदवा. अशा टोळ्या एकदा पैसे मिळाले की "अजून बाकी आहे" म्हणून पुन्हा मागतात.

आता यजमानांचं काम. ११ वर्षं झाली म्हणजे ग्रॅच्युइटी आहेच, राजीनामा दिला असला तरी आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० असेल तर १८,००० ला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, ११ नं गुणायचं. १ लाख १४ हजार होतात. ती ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. लेखी अर्ज रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. उरलेल्या रजांचे पैसे, बोनस आणि शेवटचा पगार वेगळा. कामगाराला कामावरून कमी करताना एका महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. ती वाचवण्यासाठीच राजीनामे लिहून घेतात. दबावाखाली सही घेतली असेल, सगळ्यांकडून एकाच दिवशी घेतली असेल, तर त्या सगळ्यांनी मिळून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्यावी, आणि लवकर द्यावी. जितके महिने जातात तितकं "स्वखुशीनं दिला" हे म्हणणं कंपनीला सोपं जातं.

पीएफमधले ७५ टक्के, म्हणजे २ लाख १७ हजार ५००, नोकरी सुटलेल्याला काढता येतात. पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी असल्यानं कर कापला जाऊ नये. अडतं ते दोन ठिकाणी. आधार आणि पीएफमधलं नाव जुळत नाही, किंवा कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. ती तारीख नोकरी सुटून दोन महिने झाल्यावर सभासदाला स्वतः पोर्टलवर ओटीपी घेऊन भरता येते. तरी अडलं तर रघुजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात जा. पेन्शनचा हिस्सा दहा वर्षांवर नोकरी झाल्यानं रोख मिळत नाही, त्याचं स्कीम सर्टिफिकेट घ्या, वयाच्या ५८ ला पेन्शन सुरू होते. पीएफ खात्यात असेपर्यंत त्याला कुणी सावकार, बँक हात लावू शकत नाही. म्हणून गरजेपुरताच काढा. ३४,४०० थकबाकी आणि सहा महिन्यांचं व्याज ७३,८०० मिळून १,०८,२०० लागतील. बँकेनं काहीच ऐकलं नाही आणि पूर्ण हप्ता भरावा लागला, तरी थकबाकीसह सहा महिन्यांचे १,३७,६०० होतात. दोन्ही बसतं. हा पैसा कार्डाला किंवा पर्सनल लोनला वळवू नका.

ग्रॅच्युइटी हातात आली की त्या दोघांशी तडजोडीचं बोला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात आहे. स्त्रीला तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज तुमच्या नावानं करा. लोकअदालतीत दाव्याआधीच्या प्रकरणातही तडजोड होते, आणि झाल्यावर त्याविरुद्ध अपील नसतं, तेव्हा झेपणाऱ्या आकड्यावरच सही करा. बाहेर तडजोड केली तर रक्कम, तारीख आणि "यानंतर काही बाकी नाही" हे कंपनीच्या लेटरहेडवर आल्याशिवाय पैसे भरू नका. सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा लागतो, पुढची काही वर्षं कर्ज मिळणं अवघड जातं. तुमच्या परिस्थितीत ते सोसण्यासारखं आहे. "सगळं कर्ज अर्ध्यात मिटवून देतो" म्हणून आगाऊ फी मागणाऱ्या एजन्सीकडे फिरकू नका.

घरातल्या बाकीच्या गोष्टी पटकन. पाटलीतून उरलेल्या पैशातून फी पूर्ण भागली नाही, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करून हप्ते मागा. वीज तोडण्याआधी महावितरणला १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते, त्या काळात कार्यालयात जाऊन हप्ते पाडून घेता येतात. आयुष्मान कार्ड काढून ठेवा, महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एक दवाखाना या सगळ्या हिशोबाला बुडवू शकतो.

शेवटी एक तारीख ठरवायला हवी. आजपासून सहा महिन्यांनी घरात महिन्याला निदान ३३,००० येत नसतील, म्हणजे घरखर्च आणि फ्लॅटचा हप्ता मिळून जेवढे लागतात तेवढे, तर फ्लॅट तुम्ही स्वतः विकायचा. बँकेच्या लिलावाची वाट पाहायची नाही. मोकळ्या बाजारात फ्लॅट २८ लाखांना गेला, तर गृहकर्ज फिटून साडेअकरा लाखांच्या आसपास उरतील. पतसंस्था, पर्सनल लोन आणि कार्ड मिळून पावणेपाच लाखांच्या आत आहेत. सगळं मिटूनही मोठी रक्कम हातात राहते आणि भाड्याच्या घरात डोकं शांत ठेवून राहता येतं. लिलावात राखीव किंमत कमी धरलेली असते, खर्च तुमच्या नावावर पडतो, आणि लिलावाची जाहिरात निघाल्यावर पैसे भरून घर सोडवण्याचा हक्कही उरत नाही. विकायचं ठरलं तर बँकेकडून दोन कागद मागा, आजच्या बाकीचं पत्र आणि तारण कागदपत्रांची यादी. खरेदीदाराची बँक तुमच्या बँकेला थेट रक्कम देते आणि मूळ कागद तिच्याकडे जातात. विसारपावतीत नोंद घ्या की विसाराचे पैसे आधी कर्जखात्यात भरले जातील. या व्यवहाराला दोन-तीन महिने सहज लागतात, तेव्हा दलालाशी पहिलं बोलणं चौथ्या महिन्यातच करून ठेवा.